विमान पोचायला हवं होतं त्या दिवसापासून

विमान कंपनीत नव्याने भरती झालेल्या मुलांना मी कायद्याची तोंडओळख करून देतो. तिकीट लिहिणारे, सामान तोलणारे, मालाच्या पावत्या फाडणारे, अशी ही मुलं. त्यांना वकील व्हायचं नसतं आणि मलाही त्यांना वकील करायचं नसतं. एका देशातून दुसऱ्या देशात विमान जातं तेव्हा प्रवासी आणि कंपनी यांच्यामध्ये कोणता कायदा उभा असतो, एवढं त्यांना कळलं की माझं काम झालं. पोलंडात वॉर्सा नावाचं शहर आहे. तिथे बऱ्याच देशांनी बसून हा कायदा ठरवला आणि इंग्रजांनी तो आपल्याकडे आणला. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत त्याचा उल्लेख असतो. ती अक्षरं कुणी वाचत नाही. माझी मुलंही वाचत नाहीत, जांभया देतात.

एकोणतिसाव्या कलमाशी आलो की मात्र माझा आवाज चढतो. मुलांना वाटतं, म्हातारा तापट आहे. आहेच. ते कलम सांगतं की भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत लावला नाही तर हक्कच बुडतो. आणि ही दोन वर्षं मोजायची कुठून, तर विमान पोचलं त्या दिवसापासून, किंवा ते पोचायला हवं होतं त्या दिवसापासून. न पोचलेल्या विमानाचाही विचार कायदा लिहिणाऱ्यांनी करून ठेवला होता, हे मला मान्य आहे. आमच्या चिखलीचा विचार त्यांनी केला नव्हता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. आमचं घर बुलढाण्याला. वडील कचेरीत कारकून होते, आणि साहेब बदलतात पण कारकून बदलत नाही, या एका गोष्टीचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता. मी नागपूरला कायद्याची परीक्षा दिली, पास झालो, पण कोर्टात उभं राहायला लागतं तसलं तोंड माझ्याकडे नव्हतं. मुंबईला एका विमान कंपनीच्या कचेरीत चिकटलो. वडिलांना ती नोकरी कधी पटली नाही. जमिनीवर पाय नसलेला धंदा, म्हणायचे.

माझी थोरली बहीण चिखलीला दिली होती. घरात ती, तिचा नवरा, तिची सासू आणि पुढे एक मुलगी. भाऊजी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. गाडीतला चिमूटभर कापूस घेऊन दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचे, धाग्याची लांबी बघायचे आणि तोंडाने फक्त एक आकडा बोलायचे. त्यावर कुणी हुज्जत घालत नसे. पूर्व आफ्रिकेत युगांडा म्हणून मुलूख आहे, तिथे एका गुजराती शेठच्या जिनिंग होत्या. त्याला वऱ्हाडचा पारखी हवा होता. स्वराज्य आल्यानंतरच्या वर्षी त्याचं बोलावणं आलं. तिकडचा हंगाम तोंडावर आला होता आणि बोटीने वेळेवर पोचणं शक्य नव्हतं, म्हणून शेठने मुंबईतूनच विमानाचं तिकीट काढून दिलं. चिखलीतून त्याआधी कुणी विमानात बसल्याचं मला ठाऊक नाही.

मुंबईला त्यांना पोचवायला मीच गेलो होतो. विमान माझ्या कंपनीचं नव्हतं, दुसऱ्या कंपनीचं होतं. त्यांच्या आईने दिलेला ठेच्याचा डबा त्यांनी तोलकाट्यावर ठेवला. मग स्वतःलाही तोलून घ्यावं लागेल असं त्यांना सांगितलं, तेव्हा ते काट्यावर उभे राहिले आणि हसत मला म्हणाले, "कापसाच्या गठानीवानी तोलून राह्यले बे मले. आता प्रत कोनती लावतात ते पाह्य."

ते विमान पोचलं नाही. समुद्रावर असताना त्याचा बिनतारी निरोप आला होता, त्यानंतर काही नाही. काही दिवसांनी एका बोटीला पाण्यावर तरंगणाऱ्या बैठकीच्या गाद्या आणि लाकडाचे तुकडे सापडले. आमच्या धंद्यातल्या माणसाला एवढं पुरे असतं. मी एकटाच खोलीत बसून रडलो आणि ताईला काय सांगायचं याचा विचार करत बुलढाण्याला गेलो. मी पोचायच्या आत कंपनीची तार चिखलीला पोचली होती. तारेत लिहिलं होतं की विमानाचा पत्ता लागत नाही, शोध चालू आहे.

त्या तारेने घात केला. पत्ता लागत नाही म्हणजे हरवलं, असं ताईच्या सासूबाईंनी धरलं. हरवलेलं सापडतं.

आणि सासूबाईंच्या या म्हणण्याला आधारही होता. मेहकरकडचा एक शिपाई लढाईत ब्रह्मदेशात गेला होता. तो मेला असं सरकारने कळवलं, बायकोने बांगड्या फोडल्या, दिवस घातले, आणि लढाई संपल्यावर तो आपल्या पायांनी घरी आला. त्या बाईला पुन्हा कुंकू लावायचं की नाही यावर गावात किती दिवस खल चालला होता. सासूबाईंना ती हकीकत तोंडपाठ होती. त्या मला म्हणाल्या, "सरकार चुकते तं तुही कंपनी चुकत नाही काय? देह दिसल्याबिगर मी माह्या पोराले मारनार नाही."

आमच्याकडची रीत अशी की परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची. देह मिळालाच नाही तर बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग सुतक धरायचं. तोवर तो जिवंत आणि त्याची बायको सवाष्ण. ही रीत रागीट नवरे, जोगी झालेले मुलगे आणि यात्रेत हरवलेले म्हातारे यांच्यासाठी होती. ती विमानाला लावायची नसते, हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मानूस तं तोच हाये नं?" 

त्याच सुमारास माझ्या कंपनीने आम्हा लोकांसाठी कायद्याचा वर्ग घेतला. शिकवायला एक गोरा साहेब होता. माणूस हुशार, समजावून सांगायची हातोटी चांगली. मी पुढच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि प्रत्येक कलम ताईला लावून बघत होतो. कंपनीची चूक वारसांना सिद्ध करावी लागत नाही, आपली चूक नव्हती हे कंपनीनेच सिद्ध करायचं. मृताची बायको स्वतःच्या नावाने दावा लावू शकते, दिराची किंवा सासऱ्याची सही लागत नाही. जिथे तिकीट काढलं तिथल्या कोर्टात लावता येतो, म्हणजे मुंबईत. हे सगळं ताईच्या बाजूचं होतं. मग तो मुदतीच्या कलमावर आला. ही दोन वर्षं कशानेही थांबत नाहीत, तो म्हणाला. आणि वर, कारकुनांनी ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणून, त्याने सांगितलं: नातेवाईक आले की सहानुभूती दाखवा, कबुली देऊ नका, तारखेविषयी बोलू नका.

मी उठून विचारलं की मुदत आहे एवढं तरी त्यांना सांगायला नको का. तो म्हणाला, कायदा माहीत नसणं ही सबब होत नाही. वर्ग हसला. मला त्या हसणाऱ्यांचे चेहरे अजून आठवतात. त्यांतले दोघे पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले.

रजा मिळाली की मी गाडीने मलकापूरला उतरायचो, मोटारीने राजूरचा घाट चढून बुलढाण्याला यायचो आणि दुसऱ्या दिवशी चिखलीला. ताईला माहेरी धाडत नव्हते. तो आला आणि ही घरी नसली तर, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यामुळे तिच्याशी जे बोलायचं ते सासूसमोर. एकदा मात्र सासूबाई देवळात गेल्या होत्या, तेव्हा ताई म्हणाली, "भाऊ, मले खरं सांग. ते गेले नं?"

मी म्हणालो, "हो ताई. गेले."

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "मले रोज सकाळी ठाऊक राह्यते. मंग कुंकू लावाव लागते."

तिला काय हवं होतं तेही तिने त्याच दिवशी सांगितलं. तिला बुलढाण्याला एक खोली हवी होती आणि पोरीला शाळेत घालायचं होतं. पोरगी हुशार होती. सासूच्या घरात पोरीचं शिक्षण चौथीच्या पुढे जाणार नव्हतं, आणि आमच्या वडिलांच्या घरात परत आलेल्या लेकीला किती दिवस गोड बोलतात ते ती जाणून होती. तिला कुणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. भरपाई मिळाली असती तर राहावं लागलंही नसतं.

मी वडिलांना गळ घातली. ते मला घेऊन जिल्ह्यातल्या एका नावाजलेल्या वकिलाकडे गेले. म्हातारा माणूस, शेतीच्या आणि दत्तकाच्या दाव्यांत हातखंडा. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वडिलांकडे बघून म्हणाला, "पुराव्याचा कायदा म्हनते, सात वर्षं खबर नसली तं मानूस मेला असं धरा. आपला धर्म म्हनते बारा. आन हे पोरगं म्हनते दोन. मानूस हाये का बकरी हाये?" वडील हसले. मी सांगितलं की तो पुराव्याचा नियम वेगळा आणि मुदत वेगळी, गाद्या सापडल्यात, मृत्यू आजही सिद्ध होतो, सात वर्षं थांबलो तर हातात काही राहणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्या वकिलाला जमिनीचा कायदा येत होता आणि जमिनीवरून जे सुटलं त्याचा कायदाच नसतो अशी त्याची खात्री होती. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "त्याचे केस कोर्टात पिकले. तुये कुठं पिकले?"

पहिलं वर्ष संपताना त्या दुसऱ्या कंपनीचा माणूस चिखलीला येऊन गेला. मी तेव्हा मुंबईत होतो, ताईने नंतर सांगितलं. सासूबाईंना वाटलं मुलाची खबर घेऊन आला. त्यांनी त्याच्यासाठी पुरण घातलं. तो पोटभर जेवला, पान खाल्लं, ताईच्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाला, तुम्ही आशा सोडली नाही हे पाहून फार बरं वाटलं, कंपनीनेही सोडलेली नाही. मुदतीविषयी एक अक्षर नाही. ताई हे सांगत असताना मला तो वर्ग आठवला. सहानुभूती दाखवा, कबुली देऊ नका. कुठल्या का कंपनीचा असेना, पठ्ठ्याने धडा चांगला गिरवला होता. सासूबाई कित्येक दिवस त्याचं कौतुक करत होत्या, की एवढ्या लांबून आला, भला माणूस.

मुदत संपायला महिना उरला तेव्हा मी मुंबईच्या वकिलाकडून वकीलपत्र तयार करून घेतलं. त्यात ताईच्या नावापुढे लिहिलं होतं, मयताची विधवा. मी वकिलाला विचारलं, नुसतं पत्नी असं लिहिता येणार नाही का. तो म्हणाला, पत्नी असेल तर नवरा आहे, नवरा असेल तर दावा कसला? त्याचं बरोबर होतं. कायद्याचं नेहमी बरोबर असतं, म्हणूनच मला त्याचा राग येतो.

वडील म्हणाले, मीही येतो चिखलीला. मला वाटलं मन वळलं. ते माझ्यावर नजर ठेवायला येत होते.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून किती वेळा सांगितलं असेल देव जाणे, पण त्या दिवशी पुन्हा सांगितलं. हा महिना गेला की पुन्हा कधीही दावा लावता येणार नाही, बारा वर्षांनी तर नाहीच नाही. त्यांनी ऐकलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मग त्या ताईला म्हणाल्या, "कर सही. मी तुहा हात धरत नाही. पन कागदावर विधवा आन माह्या घरात सवाशीन, असं दोन तोंडाचं वागनं चालनार नाही. आंधी कपाळ पूस."

त्यांना वाटलं होतं, ही पुसणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. ताईने पदराचं टोक हातात घेतलं आणि कुंकू पुसलं. एकदा पुसलं, थोडं राहिलं होतं, पुन्हा पुसलं. मग तिने माझ्याकडे टाकासाठी हात पुढे केला.

मी टाक दिला. ती कागदावर वाकली आणि वडिलांनी तो कागद तिच्या हाताखालून ओढला आणि फाडला. ज्या माणसाने जन्मभर कचेरीत कागद जपले, साधा रद्दी कागदसुद्धा घडी घालून ठेवला, त्याने त्या कागदाचे तुकडे तुकडे केले. "माह्या देखत नाही," ते म्हणत होते, "माह्या देखत पोरीनं आपल्या हातानं कुंकू पुसाव?" ते रडत होते. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. रडणाऱ्या माणसाच्या हातून जे नुकसान होतं त्याला कुणी बोल लावत नाही, म्हणून ते जास्त होतं.

सासूबाई आत जाऊन करंडा घेऊन आल्या आणि स्वतःच्या बोटाने त्यांनी ताईच्या कपाळाला पुन्हा कुंकू लावलं. कुंकू भुवईवर सांडलं.  ताई थोड्या वेळाने चहा करायला उठली.

मी मुंबईहून दुसरं वकीलपत्र आणलं. या वेळी वडिलांना कळूही दिलं नाही. सासूबाई समोर वाती वळत होत्या. ताईने कागद वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला. "एकदा पुसलं भाऊ," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही पुसवत." मी पोरीच्या शाळेचं बोललो, खोलीचं बोललो. ती मान हलवत राहिली. मी तिच्यावर चिडलो नाही. तिच्यावर चिडायचं राहून गेलेला मी एकटाच माणूस असेन.

विमान पोचायला हवं होतं त्या दिवसाला दोन वर्षं पुरी झाली तेव्हा मी कचेरीत होतो. दुपारी जेवायच्या सुट्टीत कुणी तरी बर्फी वाटली, कुणाच्या तरी घरी मुलगा झाला होता. मी खाल्ली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. पोरगी चौथी झाली आणि शाळेतून काढली. पुढे वयात येताच तिचं लग्न उरकलं, स्थळ बघायला फार कुणी गेलं नाही. ताई त्याच जिनिंगमध्ये बायांच्या रांगेत बसून कापसातली कवडी, म्हणजे किडका, न फुललेला कापूस, आणि कचरा वेचायला जाऊ लागली. ज्या कापसाची प्रत तिच्या नवऱ्याने एका शब्दात ठरवली असती, तो ती दिवसभर निवडायची आणि संध्याकाळी कुंकू नीट करून घरी यायची. वडील वारले. तो वकीलही वारला, त्याच्या तिरडीमागे अर्धं बुलढाणं होतं. मी नोकरीत वर चढलो आणि कायद्याचा तो वर्ग माझ्याकडे आला. तारखेविषयी बोलू नका हे वाक्य मी वर्गातून काढून टाकलं. त्याने काय झालं, काही नाही. मुलं ते आपोआप शिकतात.

बारा वर्षं झाली तेव्हा वऱ्हाड मुंबईकडे येऊन पुन्हा नवं राज्य झालं होतं. सासूबाईंना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी ब्राह्मणाला बोलावून मुहूर्त काढला. पळसाची पानं आणली, पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मला निरोप होता, म्हणून मी गेलो. भावकीतल्या एकाने पुतळ्याला अग्नी दिला. बायांनी ताईला मध्ये बसवलं, बांगड्या फोडल्या, आणि सगळ्यांत म्हाताऱ्या विधवेने तिचं कुंकू पुसलं. रडणाऱ्या बाया होत्या. ताई रडली नाही.

दहावा, तेरावा झाला. पाहुणे गेले. सासूबाईंनी मला जवळ बसवलं, माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "आता सारं रीतीनं झालं. आता कोनी बोट दाखवनार नाही. तुहा तो कंपनीवरचा दावा आता लाव. नातीचा संसार तरी उभा राहीन."

 मी सांगितलं की तो दावा आता लागत नाही, त्याची मुदत कधीच गेली.

"मुदत होती?" त्या म्हणाल्या. "मंग तवा काऊन नाही सांगतलं?"

ताई चुलीपाशी होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. तिचं कपाळ मी त्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं बघितलं होतं, म्हणजे दुसऱ्यांदा.

"सांगतलं होतं त्यानं, आत्याबाई," ती म्हणाली. "म्या पुसलंबी होतं."